चित्र पुन्हा विकले जाते तेव्हा

२००७ च्या पावसाळ्यातल्या एका रविवारी सरांनी मला परळच्या त्यांच्या खोलीवर बोलावून घेतले. सर म्हणजे माझे चित्रकलेचे शिक्षक. दिवसा शाळेतली नोकरी आणि संध्याकाळी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचे वर्ग यांवर त्यांचे घर चालत असे, आणि स्वतःची चित्रे ते रात्री दहानंतर, जेवणाची भांडी आवरून झाली की त्याच खोलीत रंगवीत असत. माळ्यावर जुन्या साड्यांत गुंडाळून सुतळीने बांधलेले कॅनव्हास असत आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी धरू नये म्हणून काकू अधूनमधून ते उतरवून पंख्याखाली उभे करून ठेवीत. त्या रविवारी टेबलावर एका लिलावाचे जाडजूड, गुळगुळीत कागदाचे कॅटलॉग उघडे होते. त्यात सरांचे १९७४ चे एक चित्र छापलेले होते. एका कंपनीतल्या अधिकाऱ्याला ते त्यांनी सहाशे रुपयांना विकले होते. आता त्याखाली अंदाजित किंमत चार ते सहा लाख रुपये अशी दिली होती. शेजारी चित्राच्या पाठीचेही छायाचित्र होते. कॅनव्हास ज्यावर ताणून बसवतात त्या स्ट्रेचरच्या लाकडावर सरांच्याच हातची अक्षरे होती: नाव, साल, चाळीचा पत्ता, आणि एका रेघेने खोडलेली साडेसातशे ही किंमत. सरांनी चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हा निळा असा नव्हता. छपाईत मारला गेलाय." एवढेच. चहा घेऊन आलेल्या काकूंनी मात्र मला विचारले, "अरे, यातलं आपल्याला काही मिळतं का?" मी तेव्हा जाहिरातीच्या व्यवसायात होतो, व्यवहार कळणारा माणूस समजला जात होतो, आणि तशाच खात्रीने मी उत्तर दिले, "नाही काकू. एकदा विकलं की विकलं."

ते उत्तर चुकीचे होते, हे मला फार उशिरा कळले. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने '५३ अ' हे कलम घातले गेले आणि ते १९९५ पासून लागू आहे. मूळ चित्र, शिल्प, रेखाटन किंवा लेखकाचे मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत वाटा मिळण्याचा हक्क ते निर्माण करणाऱ्याला, आणि त्याच्या पश्चात त्याच्या कायदेशीर वारसांना, हे कलम देते. चित्रकाराने कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करून दिला असला तरीही हा हक्क जात नाही. वाटा किती, हे ठरवण्याचे काम तेव्हाच्या कॉपीराइट मंडळावर सोपवले होते. तो दहा टक्क्यांहून अधिक असू नये, एवढी कमाल मर्यादा कायद्यानेच घातली. पुढे ते मंडळ दुसऱ्या अपील मंडळात विलीन झाले, २०२१ मध्ये ते अपील मंडळही मोडीत निघाले आणि हे अधिकार न्यायालयांकडे गेले. म्हणजे कलम जिवंत आहे, परंतु अमुक किमतीच्या चित्राला अमुक टक्के, असा सर्वांना लागू होणारा दर नाही, तो वसूल करणारी यंत्रणा नाही, आणि विकणाऱ्याने किंवा लिलाव करणाऱ्याने चित्रकाराला साधे कळवावे, अशी सक्तीही नाही. ज्याला आपला हक्क माहीत आहे, ज्याच्यापाशी वकिलाची फी आहे आणि ज्याला विक्रीची बातमी वेळेवर मिळते, अशा माणसासाठीच हे कलम उरले आहे. असा चित्रकार मला तरी अजून भेटलेला नाही.

माझे म्हणणे असे आहे की हे कलम कागदावरून उतरवून व्यवहारात आणले पाहिजे, आणि त्याची मागणी मुंबईतून व्हायला हवी. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या बाजाराचा पाया ज्यांच्या चित्रांवर उभा आहे, त्यांतले कितीतरी चित्रकार या शहराच्या चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत घडले. आणि या चित्रांचे मोठे लिलावही याच शहरात होतात.

हा हक्क मुळात का हवा, हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ जाणत्या माणसांनाही तो चित्रकारावर केलेला उपकार वाटतो. कादंबरीची दहावी आवृत्ती निघाली की लेखकाला मानधन मिळते. गाणे रेडिओवर पुन्हा वाजले की गीतकाराच्या आणि संगीतकाराच्या खात्यात काही जमा व्हावे, हे आपण आता मान्य केले आहे. या सर्वांची कमाई प्रतींतून किंवा प्रयोगांतून येते. चित्रकाराची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याच्या कृतीची एकच प्रत असते आणि ती तो एकदाच विकतो, तीही बहुधा ज्या काळात त्याला कोणी ओळखत नाही आणि घरभाडे थकलेले असते अशा काळात. पुढची चाळीस वर्षे तो काम करत राहतो, प्रदर्शने भरवतो, शिकवतो, स्वतःच्या शैलीशी झगडतो, आणि या साऱ्या कष्टांनी त्याच्या नावाला जे मोल येते ते मागे जाऊन त्या पहिल्या चित्रालाही चिकटते. सहाशे रुपयांचे चित्र सहा लाखांचे होते ते त्याच्या मालकाने ते भिंतीवर नीट टांगून ठेवले, एवढ्यामुळे होत नाही. फ्रान्सने हा हक्क १९२० मध्येच कायद्यात आणला. त्यामागच्या चर्चेत मिले या चित्रकाराचे उदाहरण नेहमी दिले जाते: शेतात संध्याकाळच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या शेतकरी जोडप्याचे त्याचे चित्र त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, १८८९ मध्ये, साडेपाच लाख फ्रँकवर गेले, आणि त्या वाढीतला एक फ्रँकही त्याच्या कुटुंबाचा नव्हता. युरोपीय संघाने २००१ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी हा नियम केला. ब्रिटनमधल्या लिलाववाल्यांनी कडाडून विरोध केला, तरी तिथेही तो २००६ मध्ये आला आणि २०१२ पासून दिवंगत चित्रकारांच्या वारसांनाही लागू झाला.

आता आपल्याकडे पाहू. १९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. आज ही नावे एका दमात घेतली की डोळ्यांसमोर कोटींचे आकडे येतात, पण या माणसांची तेव्हाची परिस्थिती काय होती? पंढरपूरच्या हुसेन यांनी सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरले होते. रझांनी छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी केली होती. सूझांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकले होते. कृष्णाजी आरा लहानपणीच हैदराबादकडचे घर सोडून मुंबईला आलेले. घरकाम करून, मोटारी धुऊन ते जगले आणि उरलेल्या वेळात रंगवत राहिले. रूडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर या युरोपातून परागंदा होऊन आलेल्या तिघांनी या मुलांना पाहिले, त्यांच्यावर लिहिले, त्यांची चित्रे विकत घेतली. केकू गांधींनी फ्रेमच्या दुकानाच्या भिंतीवर त्यांना जागा दिली. ही माणसे नसती तर यांतले काही जण मुंबई सोडून गेले असते किंवा त्यांनी रंग सोडले असते. त्यामुळे पहिल्या ग्राहकाला कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. त्याने जोखीम घेतली, आणि त्या जोखमीचे फळ त्याला मिळायलाच हवे.

परंतु त्या पहिल्या पिढीतल्या सर्वांनाच पुढे हुसेन किंवा रझा यांच्यासारखे दिवस दिसले नाहीत. आरांनी लग्न केले नाही. काळा घोड्याच्या आर्टिस्ट्स सेंटरसाठी ते आयुष्यभर खपले, कितीतरी नवख्या चित्रकारांची प्रदर्शने तिथे लावून दिली आणि १९८५ मध्ये मुंबईतच वारले. सदानंद बाकरे १९५१ मध्ये इंग्लंडला गेले, विशीपंचविशीत त्यांची शिल्पातली हुकूमत पाहून सगळे थक्क होत असत; १९७० च्या दशकात ते परत आले आणि दापोली तालुक्यातल्या मुरुडला समुद्राकाठी, कलाजगतापासून जवळजवळ तुटून राहिले. २००७ च्या डिसेंबरात ते तिथेच गेले. बाजार ऐन भरात होता ते हेच वर्ष. सूझा २००२ मध्ये मुंबईत वारले. १९५५ मधले 'बर्थ' हे त्यांचे मोठे चित्र त्यानंतर २००८ मध्ये पंचवीस लाख डॉलरला आणि २०१५ मध्ये पुन्हा चाळीस लाख डॉलरला विकले गेले. एकच चित्र, दोन विक्री, सात वर्षांचे अंतर, पंधरा लाख डॉलरची वाढ. पुनर्विक्रीचा व्यवहार म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण नको.

चित्रावर पोट भरत नाही म्हणून नोकरी करणे, ही तर आपल्याकडे रीतच आहे. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात कापडांचे आकृतिबंध करत होते, आणि त्याच वर्षांत घड्याळ, पान, टोकदार पेन, रिकामी पेटी अशा साध्या वस्तूंतून त्यांनी जे अवकाश उभे केले तसे भारतीय चित्रकलेत दुसरे नाही, असे माझे मत आहे. ते १९९५ मध्ये, साठीही न गाठता गेले. सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात तीस वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून वैद्यकी केली आणि त्या ठाण्याचीच, तिथल्या लोकल आणि कामगारांची चित्रे रंगवली. नोकरी केल्याने चित्रकार लहान होत नाही. उलट पटवर्धनांच्या चित्रांतल्या शरीरांना जो भार आहे तो दवाखान्याशिवाय आला असता का, याची मला शंका आहे. मात्र नोकरीतून उरलेल्या वेळात एखाद्याने निम्मे आयुष्य काढले, आणि त्या वेळात केलेल्या कामावर इतरांनी पुढे संपत्ती उभी केली, तर त्यातला लहानसा वाटा मागणे यात संकोच वाटण्यासारखे काय आहे?

वासुदेव गायतोंडे गिरगावातल्या चाळीत वाढले. १९४८ मध्ये ते जे. जे. मधून बाहेर पडले आणि १९७२ मध्ये दिल्लीला जाऊन निजामुद्दीनच्या लहानशा जागेत राहू लागले. वर्षाकाठी पाच-सहा चित्रे, त्याहून जास्त नाहीत. रोलरने रंग पसरायचा, सुरीने खरवडायचा, कागदाचे तुकडे चिकटवून उचलायचे, पुन्हा रंग. कॅनव्हासवर थर बसेपर्यंत दिवस जात आणि पुष्कळ वेळ नुसते बघत बसण्यात जाई. १९८४ च्या अपघातानंतर तर मोठा कॅनव्हास उचलणेही त्यांना जड झाले. २००१ च्या ऑगस्टमध्ये ते वारले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना फारशी जागा दिली नव्हती, हे मला आठवते. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात क्रिस्टीज या लिलावगृहाचा भारतातला पहिला लिलाव झाला आणि त्यांचे १९७९ चे चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. २०२५ च्या सप्टेंबरात १९७० चे एक चित्र ६७ कोटींना गेले. या ६७ कोटींवर नुसता एक टक्का धरला तरी ६७ लाख होतात. मुंबईत एका तरुण चित्रकाराला रंगवायला खोली भाड्याने घ्यायची तर महिन्याला काय पडते ते माहीत असलेल्या माणसाने हा आकडा त्या भाड्याने भागून पाहावा.

तय्यब मेहतांच्या बाबतीत तर हे त्यांच्या डोळ्यांदेखत घडले. २००२ मध्ये त्यांचे 'सेलिब्रेशन' हे तीन भागांचे चित्र न्यूयॉर्कमध्ये सुमारे दीड कोटी रुपयांना विकले गेले आणि भारतीय चित्रांच्या किमतींचे गणितच बदलले. २००५ मध्ये त्यांच्या महिषासुराने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. मेहता तेव्हा मुंबईतच, साध्या घरात राहत होते. एकेक रेघ महिनोन्महिने तोलणारा आणि मनासारखे न उतरलेले कॅनव्हास स्वतःच्या हाताने नष्ट करणारा हा चित्रकार. लिलावाच्या रीतीप्रमाणे दोन्ही वेळी पैसा चित्राच्या त्या वेळच्या मालकाचा होता. पुढे त्यांची नवी चित्रे चढ्या भावाने गेली असतील, हे खरे. पण तोवर ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला पहिला असा की मी घर विकले तर बिल्डरला मी वाटा देत नाही, मग चित्र विकताना चित्रकाराला का द्यावा? मुंबईकराला हा आक्षेप पटकन पटतो, आणि म्हणून मुंबईच्याच अनुभवाने त्याला उत्तर दिले पाहिजे. सदनिका विकताना आपण सहकारी संस्थेला हस्तांतरणाचे अधिमूल्य देतो. महाराष्ट्रात त्याची कमाल मर्यादा पंचवीस हजारांची आहे. सरकारला मुद्रांक शुल्क जाते, दलालाला दलाली जाते. म्हणजे पुनर्विक्रीच्या वेळी ज्याने त्या वास्तूचे मोल टिकवले किंवा ज्याच्या व्यवस्थेमुळे व्यवहार झाला त्याला काहीतरी द्यायचे असते, हे आपण मुकाट्याने मानतो. चित्राच्या लिलावातही बोलीच्या वर खरेदीदाराकडून लिलावगृहाचे शुल्क घेतले जाते आणि जीएसटीही भरावा लागतो. एवढ्या सगळ्यांचे टक्के मोजून झाल्यावर ज्याच्या नावामुळे हा व्यवहार होतो आहे त्याच्या टक्क्यापाशी येऊनच तत्त्वाचा प्रश्न उभा राहतो, हे मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाटा लागू केला तर व्यवहार पडद्याआड जातील, रोखीने होतील, चित्रे परदेशात विकली जातील. ही भीती निराधार नाही. २०२५ च्या मार्चमध्ये हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे १९५४ चे चित्र न्यूयॉर्कमध्येच विकले गेले, सुमारे ११८ कोटी रुपयांना, आणि तिथे आपला कायदा पोहोचत नाही. अमेरिकेत असा हक्क नाही. तरीही सुरुवात जाहीर लिलावांपासून करता येते, कारण तिथली प्रत्येक किंमत दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते आणि लपवण्यासारखे काही उरत नाही. दर माफक ठेवावा. कायद्याने दहा टक्क्यांपर्यंत मुभा दिली म्हणून दहाच घ्यावेत असे नाही. युरोपात चार टक्क्यांपासून सुरू होऊन किंमत वाढेल तसा दर घटत जातो आणि एका चित्रामागे साडेबारा हजार युरोंच्या वर वाटा जात नाही. इतक्यासाठी कोणी सचोटीचा संग्राहक चोरवाट धरणार नाही. शिवाय या हक्कात आंतरराष्ट्रीय व्यवहाराचे तत्त्व परस्परतेचे आहे: ज्या देशात हा हक्क आहे त्याच देशाच्या चित्रकारांना इतरत्र तो मागता येतो. आपले कलम झोपलेले राहिले, तर लंडन किंवा पॅरिसमध्ये आपल्या चित्रकारांसाठी बोलताना आपलीच बाजू लंगडी पडते.

कायदा कागदावर राहणे ही काही अटळ गोष्ट नसते, याचा पुरावा याच शहराच्या सिनेमाधंद्यात आहे. गीतकार आणि संगीतकार वर्षानुवर्षे निर्मात्यांना सगळे हक्क लिहून देत आणि पुढे गाणे कितीही वाजले तरी त्यांना काही मिळत नसे. जावेद अख्तर आणि त्यांच्यासोबतचे कलावंत त्यासाठी भांडले, २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि मानधनाचा हा हक्क लिहून देऊनही जाणार नाही, अशी तरतूद आली. पुढे २०१७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची नव्याने नोंदणी झाली आणि पैसे प्रत्यक्ष वाटले जाऊ लागले. त्या लढ्याचे मर्म मला यात दिसते की कायद्याच्या जोडीला वसुलीची संस्था उभी राहिली. चित्रकारांचा कायदा त्याआधी अठरा वर्षे झाला होता आणि त्यांच्यासाठी तशी वसुलीची घडी काही बसली नाही. चित्रकार एकटा काम करतो, एकटाच विकतो, आणि संघटना म्हटले की त्याला निवडणुका आणि भांडणे आठवतात. पण त्याची किंमत त्याच्या घरच्यांनी मोजली आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त छळतो, कारण त्यात तथ्य आहे. वाटा मिळेल तो ज्यांची चित्रे लिलावात जातात त्यांनाच, म्हणजे आधीच नाव झालेल्यांना किंवा त्यांच्या सुस्थितीतल्या नातवंडांना. माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या कॅनव्हासना त्याचा काय उपयोग? शिवाय सांगून करवून घेतलेली चित्रे आणि नोकरीचा भाग म्हणून केलेले काम यांत पहिला हक्क बहुधा करवून घेणाऱ्याचा किंवा मालकाचा मानला जातो, त्यामुळे तीही या कलमातून निसटतात. म्हणून मला वाटते की वसूल झालेल्या रकमेचा निम्मा भाग चित्रकाराला किंवा वारसांना जावा आणि निम्मा एका समाईक निधीत जावा. ज्यांचे वारस नाहीत किंवा सापडत नाहीत त्यांचा सगळाच वाटा त्या निधीत यावा. आरांच्या फुलदाण्यांची चित्रे आज लाखोंनी विकली जातात. त्यांतला वाटा आर्टिस्ट्स सेंटरसारख्या ठिकाणी पहिले प्रदर्शन लावू पाहणाऱ्या मुलामुलींना गेला, तर ते स्वतः आयुष्यभर जे करत आले त्याच्याशी ते सुसंगतच होईल. रझांनी तर हे स्वखुशीने केले. २००१ मध्ये त्यांनी काढलेले प्रतिष्ठान तरुण चित्रकारांना आणि कवींना मदत करत आले आहे. एका चित्रकाराने औदार्याने केले ते सर्वांसाठी नियमाने व्हावे, इतकेच.

असा निधी मुंबईत कशावर खर्च करावा, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. जागेवर. रंग महाग आहेत, बेल्जियन लिननचा कॅनव्हास बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, पण त्यावर चित्रकार मार्ग काढतो. उभे राहून, चार पावले मागे जाऊन सहा फुटी कॅनव्हास बघता येईल अशी जागा मात्र त्याला या शहरात मिळत नाही, आणि चित्राचा आकार खोलीच्या आकाराने ठरतो. सरांचे एकही चित्र साडेतीन फुटांपेक्षा मोठे नाही, कारण त्याहून मोठा कॅनव्हास त्यांच्या जिन्याच्या वळणावरून वर जात नसे. १९५० च्या दशकात वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये मधुरी देसाई यांनी चित्रकारांना नाममात्र भाड्यात खोल्या दिल्या. गायतोंडे, हुसेन, मेहता, नसरीन मोहमदी तिथे काम करत होते, त्याच आवारात रविशंकरांची सतार चाले आणि अल्काझींच्या नाटकाच्या तालमी होत. ती वास्तू पुढे पाडली गेली. गायतोंडेंना अमूर्ताकडे जाताना जी स्वस्थता लागली ती त्या खोलीने दिली, असे मी मानतो, आणि तशी खोली आज मुंबईत एकही नाही. पालिकेच्या शाळांत रिकाम्या पडलेल्या वर्गखोल्या आहेत. त्यांतल्या काही संध्याकाळी आणि सुट्टीत चित्रकारांना देणे आणि त्यांची डागडुजी या निधीतून करणे अवघड नाही. टक्क्याची कल्पनाही या शहराला परकी नाही. होमी भाभांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत उभी करताना बांधकामखर्चाचा एक टक्का चित्रांसाठी मिळवला आणि त्यातून मुंबईच्या चित्रकारांचा जो संग्रह झाला त्याच्या तोडीचा संग्रह कोणत्याही विज्ञानसंस्थेत क्वचितच असेल.

आणखी एक फायदा आहे, ज्यात संग्राहकांचाही स्वार्थ आहे. वाटा द्यायचा तर प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी लागेल: कोणते चित्र, कोणत्या सालचे, कोणाकडून कोणाकडे गेले. आज आपल्याकडे अशी नोंद नसल्यामुळे बनावट चित्रांचा सुळसुळाट आहे. २००९ मध्ये दिल्लीत रझांच्या आरंभकाळच्या चित्रांचे म्हणून एक प्रदर्शन भरले, रझा स्वतः तिथे गेले, आणि ती चित्रे आपली नाहीतच, असे त्यांना भिंतीसमोर उभे राहून सांगावे लागले. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला हे करावे लागले याची मला आजही खंत वाटते. ज्या चित्रकाराला किंवा त्याच्या घरच्यांना प्रत्येक विक्रीची सूचना मिळते, तिथे असे चित्र पहिल्याच वेळी अडवता येईल.

सर २०११ मध्ये गेले. चाळ पुनर्विकासात गेली, काकू दोन वर्षे संक्रमण शिबिरात राहून आता सोळाव्या मजल्यावर राहायला गेल्या आहेत. तिथे माळा नाही, त्यामुळे कॅनव्हास पलंगाखाली आडवे ठेवावे लागतात. मागच्या महिन्यात मी त्यांना भेटून सगळे सांगितले: तेव्हा मी दिलेले उत्तर चुकीचे होते, कायद्यात आपला वाटा आहे, पण तो किती हे अजून कोणी ठरवून दिलेले नाही आणि मागायचा तर आपल्यालाच न्यायालयात उभे राहावे लागेल. त्यांनी लोखंडी कपाट उघडले आणि जुन्या भाडेपावत्यांच्या गठ्ठ्याखालून ते कॅटलॉग काढले. पानाला खूण म्हणून सरांचा एक सुकलेला, निळ्या रंगाने कडक झालेला ब्रश घातलेला होता. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे २०७१ संपेपर्यंत हा हक्क राहतो, असे मी म्हणालो. काकूंनी विचारले, वकिलाला दाखवायला कॅटलॉग द्यावे लागेल का, की पानाची झेरॉक्स चालेल?